डॉक्टरच्या पुस्तकाचं पुढचं पान

एका पुस्तकानं मी एका माणसाचे समोरचे दोन दात पाडले. पुस्तक वाचून त्याचे दात घशात गेले वगैरे नव्हे, खरेच पाडले. चांगलं जाडजूड, कडक पुठ्ठ्याचं पुस्तक होतं आणि मी ते दोन्ही हातांत धरून त्याच्या तोंडावर हाणलं. पुठ्ठ्याचा एक कोपरा अजून चेपलेला आहे. दोह्यातल्या मदिनत खलीफा भागात मुलीकडे राहायला आलो की नात ते पुस्तक माझ्या बॅगेतून काढते, कोपऱ्यावर बोट फिरवते आणि इंग्रजीत विचारते, हे कशानं झालं? मी मराठीत सांगतो, पडलं. तिला मराठी समजतं, आणि आजोबा थापा मारतात तेही समजतं. तेव्हा आता एकदाचं लिहूनच टाकतो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. कतारच्या पश्चिम किनाऱ्याकडे एका तेलछावणीत आम्ही कामाला होतो. आम्ही म्हणजे मामू, माझा थोरला भाऊ, म्हणजे भाय, आणि मी. मामू आईचा भाऊ, पूर्वी मचव्यावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या होता. आमचा बाप समुद्रात गेला तेव्हा मी पाळण्यात होतो, आईही मागोमाग गेली. मामूला मूल नव्हतं, पुढं मामीही गेली, आणि त्यानं आम्हा दोघांना वाढवलं, शिकवलं, इथं आणलं. आणि मारलं. हातानं मारलं, दोरानं मारलं, एकदा भायला वल्ह्यानं मारलं. खारट कालवणाला मार, उशिरा उठल्याला मार, मी शाळेत पहिला आलो त्या दिवशीसुद्धा फार उड्या मारतो म्हणून एक ठेवून दिली होती. मामू जागचा हलला की आमचा डावा हात आपोआप डोक्यावर जायचा, कोपरातून वाकून. गावातली माणसं हसायची, म्हणायची, तांडेलाचे भाचे डाव्या हातानं सलाम करतात.

छावणीत आमच्या गावच्या अकरा माणसांची एक खोली होती आणि खोलीचा राजा मामू. मामू सांगेल ते शिजायचं, मामू सांगेल तेव्हा दिवा विझायचा. पत्र्याची खोली, बाहेर पन्नास पावलांवर वाळू, आणि आत अकरा तापलेली डोकी. मारामारी आठवड्याला ठरलेली. कोणी कोणाचं पाणी सांडलं, कोणी कोणाच्या बहिणीवरून बोललं, की लागलीच गचांडी धरली. पण आमच्याकडे एक रीत होती, आमच्या आज्या-पणज्यांनी मचव्यावर पाळलेली. भांडलेल्या दोघांनी एका थाळ्यात जेवायचं, दोघांनीच. थाळा मांडायचा तो परक्या गावच्या माणसानं. पहिला घास गेला की खलास. त्यानंतर त्या भांडणाचा शब्द काढायचा नाही, दोघांनी नाही, मांडणाऱ्यानं नाही आणि बघणाऱ्यांनीही नाही. बाहेर तर मुळीच नाही. तोवर ही रीत मोडलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

मी खोलीत राहत नसे. मॅट्रिक झालेलो, म्हणून मला साहेबांच्या क्लबातल्या वाचनालयात कारकुनी मिळाली होती. लाकडी केबिन, दोन कपाटं, एक कूलर, आणि मागच्या फळकुटाच्या खोलीत माझी खाट. खोलीतले लोक मला मास्तर म्हणत आणि कूलरबद्दल शिव्या घालत.

वाचनालयातली चांगली पुस्तकं सगळी एका माणसाची. विहिरी खोदणाऱ्या खात्यात एक कॅनडाचा साहेब होता, ताडमाड, अबोल. त्याच्या बहिणीचं तिकडे पुस्तकांचं दुकान होतं. ती दर वर्षी एक खोकं पाठवायची. अट एकच, पुस्तक नवं हवं, त्यांच्याच देशातल्या माणसानं लिहिलेलं हवं आणि त्यात बनवलेली गोष्ट नको. साहेबाला कादंबरीचा तिटकारा होता. घडलेलं तेवढं दे, म्हणायचा. बाकी विषय कुठलाही. कोणी मधमाश्यांवर लिहिलेलं, कोणी बर्फावरच्या सील शिकारीवर, कोणी जंगलातल्या लाकूडतोड्यांवर, एका बाईनं आपल्या गव्हाच्या शेतावरच्या शाळेबद्दल. मी प्रत्येकाला सिमेंटच्या पिशवीच्या खाकी कागदाचं कव्हर घालायचो, शाळेत घालायचो तसं, आणि पाठीवर माझ्यापुरतं मराठीत लिहायचो : मधमाश्या. सील. लाकूडतोडे.

शुक्रवारी जुम्याची नमाज आणि जेवण झालं की मी खोलीत बसून त्यातलं मराठीत सांगायचो. सभ्य देशातल्या सभ्य लोकांची पुस्तकं, पण आमच्या खोलीला त्यातलं हवं ते बरोबर सापडायचं. सीलच्या पिल्लांच्या डोक्यात सोटे घालून बर्फ लाल करणारे ते खलाशी ऐकताना अकरा माणसं श्वास धरून बसायची. लाकूडतोडे दारू पिऊन खिळ्यांच्या बुटांनी एकमेकांचे चेहरे तुडवायचे, ते पान मला तीनदा वाचावं लागलं. मधमाश्यांमध्ये तरी शांतता असेल म्हटलं, तर तिथं थंडीच्या तोंडाशी सगळ्या मिळून नरांना पंख कुरतडून बाहेर फेकतात. मामू मांडी थोपटून म्हणाला, "बरा केला! आयतं खानाऱ्यांचा असाच करूक होवा." आणि भायच्या डोक्यात हसत हसत टपली मारली. भाय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, दोन मुलांचा बाप. तो हसला नाही.

आता मुकादम. रिगवरच्या पाइप-गँगचा मुकादम आमच्याच रत्नागिरीकडचा, पण खाडीपलीकडच्या गावचा. ज्याला कोकणातली खाडी माहीत नाही त्याला यातलं विष कळायचं नाही. त्यांच्या गावानं आमची जाळी कापली होती, आमच्या गावानं त्यांची होडी जाळली होती, माझ्या आजोबांचं डोकं त्यातच फुटलं होतं. आमच्या घरात 'खाडीपलीकडचा' ही शिवी होती. त्यातून हा मुकादम कमरेला दोराचा गाठ मारलेला तुकडा बाळगायचा आणि हात संथ चालला की पाठीवर ओढायचा. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझा त्याच्यावर पहिल्यापासून दात होता.

त्या वर्षीचं खोकं दोह्याला कस्टममध्ये अडकलं. ते सोडवायला मला पाठवलं. तिथल्या मुशैरिब वस्तीत आमच्या गावच्या एका शिंप्याकडे मी तीन दिवस राहिलो, रोज कस्टमच्या दारात उभा राहिलो, आणि चौथ्या दिवशी लॉरीत खोक्यावर बसून छावणीत परतलो. पोचतो तर मामूचा डावा हात प्लास्टरमध्ये.

"मोरीत पडलो," मामू म्हणाला.

छावणीच्या डॉक्टरला त्यानं तेच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाला, वय झालं, चक्कर येते, असा माणूस यंत्रांजवळ नको. पुढच्या बोटीनं घरी. घरी म्हणजे कुठं? गावात मामूचं कोणी उरलं नव्हतं, भायची बायको-मुलंही तिच्या माहेरी होती. चार भिंती आणि मामीची कबर. मामूचं जे काही होतं ते या पत्र्याच्या खोलीत होतं, त्यानं दोन हातांनी वाढवलेले आम्ही दोघं आणि त्याचा शब्द झेलणारी बाकीची नऊ माणसं. तो दिवसभर खाटेवर बसून भिंतीकडे बघत होता. मामूला कधी रिकामं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

तो शुक्रवार होता. एरवी आम्ही चौघं-चौघं एका थाळ्यावर बसायचो, चौघांना पुरेल एवढा हामूर मासा आणि भात त्यात असायचा. त्या दिवशी मामू आणि भाय दोघंच एका थाळ्यावर बसले होते. भाय हामूरचे काटे काढून एकेक तुकडा मामूच्या पुढ्यात सारत होता. माझे डोळे भरून आले. म्हटलं, हात मोडलाय, पोरगा भरवतोय, इतका मार खाल्लेला पोरगा. दाराला अडसर म्हणून ठेवलेला लोखंडी पाइप नेहमीच्या जागी नव्हता, दार सुतळीनं बांधलं होतं. तेही मी पाहिलं आणि विसरलो.

दुपारी मी खोकं उघडलं. त्यात ते पुस्तक होतं. कॅनडातल्या कुठल्याशा बर्फाळ जिल्ह्यात एका डॉक्टरनं उभी हयात मुडदे तपासले होते आणि मार खाल्लेली जिवंत माणसंही. म्हातारपणी त्यानं ते सगळं लिहून काढलं होतं. मी कव्हर घातलं, पाठीवर 'मुडदे' असं लिहिलं आणि सहज मधलं पान उघडलं. तिथं एक चित्र होतं : एक माणूस, डावा हात कोपरातून वाकवून डोक्यावर धरलेला. आमचा सलाम! खाली लिहिलं होतं ते साधं होतं. पडणारा माणूस तळहात टेकतो, म्हणून त्याचं मनगटाशी मोडतं. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं एकच हाड मोडलं असेल, तर तो माणूस पडलेला नाही. त्यानं डोकं वाचवायला हात वर केला होता आणि कोणीतरी काठीसारखं काहीतरी त्यावर मारलं.

मी पुढं वाचलंच नाही. पुस्तक घेऊन तसाच खोलीत धावलो. मामू एकटाच होता. मी प्लास्टरवर बोटानं ठोकत विचारलं, कुठं दुखतं? बोट मधोमध येताच मामू कळवळला.

"तू पडला नायस. तुला मारलंय."

"मास्तर, गप ऱ्हव."

"मुकादमानं मारलं ना? खाडीपलीकडच्यानं?"

मामूनं प्लास्टरमधला हात पोटाशी घेतला. मग म्हणाला, "मी पडलो. खलास." मला वाटलं, माझा मामू, ज्यानं वादळात मचवा आणला, तो भ्यायला. माझं रक्त असं उकळलं की मला समोरचं दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाइपच्या ढिगाशी गेलो. मुकादम लॉरी रिकामी करून घेत होता. मी त्याच्यासमोर ते पुस्तक धरलं आणि म्हटलं, माझ्या मामूवर हात टाकलास, माझ्याकडे पुरावा हाय.

"पुस्तकात लिवलाय?" तो हसला. "माझा नाव हाय त्यात?"

मी पुस्तक त्याच्या तोंडावर मारलं. त्याची मान मागं गेली. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा कोपरा लागला आणि कट् असा आवाज आला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग त्यानं मला मानेला धरून पाइपांवर आपटलं. माझ्या कपाळाचं कातडं फाटलं, तोंडात रक्त आणि वाळू. त्यानं कमरेचा दोर उपसला, माझ्या छातीवर गुडघा रोवला आणि हात उगारला. माझा डावा हात डोक्यावर गेला, वाकून. तो हात बघून मुकादम थांबला. दोर खाली घेतला. बाजूला रक्त थुंकला, त्यात दोन दात पडले, ते त्यानं उचलून खिशात टाकले.

"तुझा मामू काय म्हनला?" त्यानं विचारलं.

"पडलो म्हणाला."

"मग तो पडला," असं म्हणून तो लॉरीकडे वळला आणि गँगवर ओरडला, "यल्ला, चला!"

हे सगळं साहेबाच्या कानावर जायला दुपार लागली नाही. त्यानं मला बोलावलं. मी रक्ताळलेल्या कव्हरचं पुस्तक टेबलावर ठेवून ते पान दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं, उठून दवाखान्यात गेला आणि एक्सरेची फिल्म उजेडात धरून बघून आला. हाड मधोमध मोडलेलं होतं. "तुझा माणूस पडलेला नाही," तो म्हणाला. मी जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ऑफिसात चौकशी बसली. साहेब, डॉक्टर, मामू, तोंड सुजलेला मुकादम, आणि दुभाष्या मी. डॉक्टर म्हणाला, चूक माझी झाली. आता मारणाऱ्याचं नाव सांगा. तो घरी जाईल, तुम्ही राहाल. मी मराठीत सांगितलं. एकेक शब्द नीट चावून सांगितला, मामूच्या कानात जावा म्हणून.

मामू माझ्याकडे बघत म्हणाला, "सांग त्यांना. मी पडलो."

माझ्या जिभेवर आलं होतं की इंग्रजीत मुकादमाचं नाव घेऊन मोकळं व्हावं. मामूला नि मुकादमाला इंग्रजी येत नव्हतं, साहेबाला नि डॉक्टरला मराठी. पण मामूची नजर माझ्यावरून हलली नव्हती. शेवटी मी तो म्हणाला तेच सांगितलं आणि पुढं जोडलं, तो घाबरलाय. मग साहेबानं मुकादमाला विचारलं, तुझ्या तोंडाला काय झालं?

मुकादम म्हणाला, "पडलो."

डॉक्टर फसकन हसला. साहेब हसला नाही. त्यानं माझ्या कपाळाच्या पट्टीकडे बघितलं, मला काही विचारलं नाही आणि कागद मिटला. मामूचं जाणं कायम झालं.

मी तिथून निघालो तो सरळ खोलीत. मामू मागोमाग आला. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. भित्रा म्हटलं, त्याहून वाईट म्हटलं. म्हटलं, आयुष्यभर आमच्यावर हात चालवलास आणि परक्यासमोर शेपूट घातलीस. मामूचा उजवा हात उठला. तो माझ्या गालापर्यंत यायच्या आत भाय मधे आला.

"त्याला नको मारू. मी मारलाय तुला," भाय म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मीच मारलाय त्याला."

खोलीत आणखी तिघं होते. ते उठून बाहेर गेले. रीत मोडली जात होती आणि ती त्यांना बघायची नव्हती.

भायनं सांगितलं ते थोडक्यात होतं. कालवण करपलं. मामूनं सगळ्यांदेखत त्याच्या तोंडात मारली. मग दुसरी. तिसरीला भायनं दाराचा पाइप उचलला. "त्यानं हात वर केला रे," भाय म्हणाला, "आपन करायचो तसा. तो हात बघला नि मना आनखी चेव आला." त्यानं मारलं, हाड मोडल्याचा आवाज आला, आणि तो परत मारणार होता. बाहेरून जाणारा मुकादम आत घुसला. पाइप हिसकून वाळूत फेकला, भायच्या पाठीवर कमरेचा दोर दमेपर्यंत ओढला, मामूला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. आणि दुसऱ्या दिवशी परक्या गावचा माणूस म्हणून त्यानंच येऊन थाळा मांडला. भाय नाव सांगून जाऊ म्हणत होता. मामूनं जाऊ दिलं नाही. दोन मुलं आहेत, म्हणाला.

म्हणजे त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशीच थाळा मांडून झाला होता आणि भाय अजून त्याच थाळ्यावरून उठायला तयार नव्हता. आणि ज्या माणसानं माझ्या भावाला खुनी होण्यापासून वाचवलं, त्याचे मी दात पाडले, आणि त्यानं तेव्हाही तोंड उघडलं नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आधीही नाही आणि नंतरही नाही.

मामूनं मुकादमाला बोलावणं धाडलं. माझा आणि त्याचा थाळा व्हायला हवा होता. पण मांडायला परका माणूस कोण? तेवढ्यात कॅनडाचा साहेब दारात उभा राहिला. त्याला त्याचं पुस्तक परत हवं होतं, त्यानं अजून ते वाचलं नव्हतं. मामूनं थाळा त्याच्या हातात दिला आणि जमिनीकडे बोट दाखवलं. साहेबानं गुडघे मोडून तो अगदी जपून आमच्या दोघांमध्ये ठेवला. काय केलं ते त्याला कळलं नाही, पण बूट काढून तो बाजूला बसला.

मुकादमाला चावता येत नव्हतं. तो भात कालवणात कुस्करून मागच्या दातांकडे सारत होता. दोन घास झाले तेव्हा त्यानं विचारलं, "ता पुस्तक खय हाय? काय लिवलाय तरी काय त्यात? वाच."

मी ते चित्राचं पान वाचलं. तो म्हणाला, "फुडं?"

मी पान उलटलं. पहिल्यांदाच उलटलं. त्या डॉक्टरनं पुढं लिहिलं होतं की हाडावरून मार कळतो, मारणारा कळत नाही. पण त्याच्या अनुभवात तो शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ज्या टेबलावर त्या माणसाला जेवण मिळत होतं, त्याच टेबलावर तो बहुधा बसलेला असायचा. मी ते मराठीत मोठ्यानं सांगितलं. टेबलाच्या जागी थाळा म्हटलं. भाय दाराशी उभा होता. मामू भिंतीकडे बघत होता. साहेबाला एक अक्षर कळलं नाही.

"श्याना मानूस हाय तुझा डॉक्टर," मुकादम म्हणाला. "घे, मासा घे."

ते पुस्तक साहेबानं वाचून झाल्यावर मलाच दिलं.

मामूला पोचवायला आम्ही दोह्याला गेलो. धक्क्यावर लाँच लागली होती, बोट लांब समुद्रात उभी होती. उन्हाचा कहर होता. मामूनं सगळ्यांना गळाभेट दिली, मला जरा जास्त वेळ धरलं, म्हणाला, वाचत जा मास्तर, पूर्ण वाचत जा. लाँचवाला ओरडायला लागला. मामूची पत्र्याची पेटी त्याच्या पायाशी होती. ती उचलून द्यायला भाय मागून झटकन पुढं झाला आणि त्यानं हात लांब केला.

मामूचा प्लास्टरमधला हात वर गेला. कोपरातून वाकून, डोक्यावर.

भाय तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं पेटी उचलली आणि लाँचमध्ये नेऊन ठेवली.